रिसालदारसाहेबांची वर्दी

मरणाऱ्या माणसाला सगळ्यांत जास्त त्रास कशाचा होतो असं मला कुणी विचारलं, तर मी दुखण्याचं नाव घेणार नाही. दुखण्यावर निदान सुई तरी होती. खरा त्रास नातेवाइकांच्या घाईचा.

माझी भाचेसून इंदूरला एका मोठ्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात काम करते. एकदा तिनं मला आत नेऊन सगळं दाखवलं. काचेची दारं, पडद्यावर पळणाऱ्या हिरव्या रेघा, टुकटुक वाजणारी यंत्रं. आणि नातेवाईक बाहेर बाकावर गप्प बसलेले. मी विचारलं, "अगं, हे लोक इतक्या शहाण्यासारखे बसलेत कसे?" ती म्हणाली, "मावशी, आम्ही आत सोडतच नाही कुणाला." मला तिचा हेवा वाटला. मग जरा वाईटही वाटलं. कुणाला आत सोडायचंच नाही, तर नर्सला आयुष्यभर आठवावं असं दिसणार काय?

मी देवासच्या दवाखान्यात लागले तेव्हा संस्थानं विलीन होऊन थोडेच दिवस झाले होते. माझं माहेर धारचं. वडील दरबाराच्या खासगीकडे नोकरीला. मुलगी नर्स होणार म्हटल्यावर आमच्या आळीत जणू मी कुणाचा खून करून आले असं वातावरण झालं होतं. हळदीकुंकवाला गेले की माझ्या हातावर अत्तर लावायला बायका कचरायच्या. इंदूरला शिकून मी देवासला आले ती अशी एकटी, एक ट्रंक आणि वळकटी घेऊन.

दवाखान्यात व्हरांड्याचं एक टोक भिंत घालून बंद केलं होतं. तिला सगळे 'सीरियस खोली' म्हणत. दोन खाटा, मधे एक टेबल, रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. तिथं आणलेला माणूस बहुधा घरी जात नसे. त्या खोलीतली यंत्रसामग्री म्हणजे एक थर्मामीटर आणि मी. बरं करणं डॉक्टरांच्या हातात, आणि पुष्कळदा त्यांच्याही हातात नसे. माझं काम वेगळं. माणूस जाईपर्यंत त्याला माणसासारखं ठेवायचं. कूस बदलायची, पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावायची म्हणजे जखमा होत नाहीत. दम लागणाऱ्याला उशांची उतरंड रचून बसतं करायचं. ओठ कोरडे पडू द्यायचे नाहीत. आणि जमिनीवरनं उचलून पुन्हा खाटेवर ठेवायचं.

हे शेवटचं बाहेरच्यांना कळणार नाही. आपल्यात माणसाचा प्राण खाटेवर जाऊ देत नाहीत, खाली भुईवर घेतात. त्यामुळं रोग्यानं जरा डोळे मिटले की नातेवाईक त्याला गारठ्यात फरशीवर ठेवायचे. तो झोपलेला असायचा बिचारा. मी वर घ्यायचे, ते खाली घ्यायचे. न्यूमोनियापेक्षा या चढउतारानंच काही माणसं दमत.

बागलीकडच्या एका म्हातारीच्या मुलांनी तर गोदानासाठी गाय थेट सीरियस खोलीत आणली. शेपूट आईच्या हातात द्यायचं होतं. गाय पायऱ्या चढली, पण आत आल्यावर तिनं टेबलावरचा कापसाचा गठ्ठा खायला घेतला. मी ओरडले, गाय बुजली. दोन दिवस डोळे न उघडलेल्या म्हातारीनं डोळे उघडले, गायीला नीट न्याहाळलं आणि थोरल्या मुलाला म्हणाली, "या म्हारी गाय नी हे. म्हारी धोळी कठे?" मुलांनी घरची पांढरी, दुभती धोळी ठेवून शेजाऱ्याची भाकड गाय आणली होती. म्हातारी त्या रागावर जी उठून बसली ती पेज पिऊनच आडवी झाली, आणि धोळी आल्याशिवाय मरणार नाही असं तिनं बजावून सांगितलं. धोळी आली, तेव्हा कुठं ती शांतपणे गेली.

पण मला सांगायचंय ते रिसालदारसाहेबांचं.

त्यासाठी देवास जरा समजून घ्यावं लागेल. एका गावात दोन राज्यं होती. गावाच्या मधून एक रस्ता. त्याच्या एका अंगाला थोरली पाती, दुसऱ्या अंगाला धाकटी पाती. घराणं एकच, भाऊबंदच ते, पण गाद्या दोन, दरबार दोन, कचेऱ्या दोन. मी एका राजाच्या धारमधून आलेली, मला हे ऐकून हसू यायचं. मी आले तोवर दोन्ही पात्या मध्यभारतात जमा झाल्या होत्या आणि पाट्या नव्यानं रंगवल्या होत्या. माणसांना कुणी रंग दिला नव्हता. आमचा दवाखाना पूर्वीच्या थोरल्या पातीच्या हद्दीत होता, आणि खिडकीतून दिसणारा रस्त्यापलीकडचा पिंपळ धाकट्या पातीचा.

रिसालदार मल्हारराव जगदाळे थोरल्या पातीच्या घोडदळातले. उंच, पांढऱ्या कल्लेदार मिश्या. हृदय थकलं होतं, पाय सुजून खांबासारखे झालेले, आडवं झालं की गुदमरत. मुलगा दूर नोकरीला. सोबत सून होती, मालतीवहिनी. डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही आणि सासऱ्यासमोर कधी आवाज निघाला नाही.

ते आले आणि दोन-तीन दिवसांतच शेजारच्या खाटेवर रखमाजी आला. हा धाकट्या पातीचा चोपदार. दरबार भरला की हातात चांदीची काठी घेऊन पुढं उभं राहायचं आणि सरकार आले अशी ललकारी द्यायची, हे त्याचं जन्माचं काम. एवढासा माणूस, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. दम्यानं छाती पोखरलेली. ज्याचा आवाज म्हणे गावातल्या देवीच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत जायचा, त्याला आता 'पाणी' म्हणायला दोन श्वास लागायचे. त्याची बायको गोदाकाकू मात्र दोघांच्या वाटचं बोलायची.

रखमाजीनं खाटेवर टेकल्या टेकल्या मला विचारलं, "बाई, ही खाट... कुणाच्या हद्दीत?"

"दवाखान्याच्या," मी म्हटलं.

"दवाखाना... कुणाच्या?"

पलीकडनं रिसालदार गरजले, "थोरल्या पातीच्या! बघून घे."

"मग मला... रस्त्यापलीकडं न्या. मी इथं... मरणार नाही."

गोदाकाकू म्हणाल्या, "तेच तर म्हणतोय सगळे. मरू नकाच."

आमचे डॉक्टर माथुर ग्वाल्हेरकडचे, तरुण, हिंदी बोलणारे. त्यांना पाती म्हणजे काय हेच मुळात समजेना. त्यांनी रखमाजीला समजावलं की भाई, अब कोई पाती-वाती नहीं, सब मध्यभारत है. रखमाजीनं त्यांच्याकडे दयेनं बघितलं. तेवढ्या एका गोष्टीत रिसालदार आणि तो एक होते. दोघंही डॉक्टरांना अजाण समजत.

त्या दिवसापासून त्या खोलीत दोन दरबार सुरू झाले. थर्मामीटर आधी कुणाला? थोरल्या पातीला दिला तर धाकटी तोंड मिटून घ्यायची. मी रोज बारी बदलायला लागले, तर काल कुणाची बारी होती यावर वाद. पेज आधी कुणाला, दाराजवळची खाट मानाची की खिडकीजवळची. रिसालदार म्हणायचे, "चोपदार, तुमच्या दरबारात ललकारी झाली की आमच्याकडे ऐकू यायची. आमचे लोक चुकून उठून उभे राहायचे. त्याचा जाब कुणी दिला?" रखमाजी श्वास गोळा करून म्हणायचा, "रिसाल्यात... घोडे जास्त... की रिसालदार?" आणि एवढ्या वाक्यानंतर तो निळा पडायचा. मग मी त्याची पाठ चोळायची आणि रिसालदारांनी विजयी मुद्रेनं मिशीवर हात फिरवायचा. मिशीला पेज लागलेली असायची.

डॉक्टर मला बाहेर बोलावून विचारायचे, "सिस्टर, ये दोनों मर रहे हैं या लड़ रहे हैं?"

"दोनों, साहब," मी म्हणायची.

खरं सांगायचं तर दोघंही मरतच होते. रिसालदारांच्या पायांत पाणी वाढत होतं आणि रखमाजीची नखं जांभळी दिसत होती. डॉक्टरांनी इंदूरहून ऑक्सिजनचं नळकांडं मागवलं. बसच्या टपावरनं ते उतरवलं तेव्हा बघायला निम्मा बाजार जमला. एक नळकांडं, रोगी दोन. त्याला पाण्याची बाटली जोडायची, बाटलीतून रबराची नळी काढायची आणि नाकात सोडायची. रिसालदारांची अवस्था वाईट होती म्हणून त्यांना आधी लावला. थोड्या वेळानं त्यांना बरं वाटलं, तशी मी नळी काढली, नवी नळी जोडली आणि रखमाजीकडे नेली.

त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"काय झालं?"

"उष्टं."

मला आधी कळेचना. "काय उष्टं?"

"हवा. त्यांच्या... नाकाला लागलेली."

मी सांगितलं, नळी नवी आहे. हवा नळकांड्यातून येते, रिसालदारांच्या नाकातून येत नाही. तो म्हणाला, पंगतीत पहिलं पात्र थोरल्या पातीचं वाढलं की मागनं येतं ते उरलेलंच. गोदाकाकूंनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या वेळी मी शहाणपणा करून आधी रखमाजीला लावला, तर रिसालदारांनी उशीत डोकं खुपसलं. "धाकट्याच्या मागनं? गुदमरून जाईन, पण श्वास घेणार नाही!" ते खरोखरच गुदमरायला लागले. मालतीवहिनी पदराआडून रडायला लागल्या.

कासिमभिया आमचा वॉर्डातला जुना माणूस. सगळं बघून म्हणाला, "बाईजी, गाँव बाँटा, सड़क बाँटी, अब ऊपरवाले की हवा भी बाँटोगे?"

ते ऐकलं आणि डॉक्टर एकदम उठून सामानाच्या खोलीत गेले. बराच वेळ खुडबुड ऐकू आली. मग ते काचेचा एक दुतोंडी तुकडा घेऊन आले, गलोलीच्या बेचक्यासारखा. एका तोंडातून हवा शिरली की दोन वाटांनी निघते. त्याला दोन बाटल्या, दोन नळ्या जोडल्या आणि मी दोन्ही नाकांत एकदमच सोडल्या. डॉक्टरांनी कपाळ पुसलं. "अब तो ठीक है?"

थोडा वेळ खोलीत नुसते बुडबुडे वाजत होते. मग रिसालदार डोळे न उघडता म्हणाले, "त्याची नळी लांब आहे."

कासिमभियानं दोन्ही नळ्या शेजारी धरून कात्रीनं बरोबर केल्या. मग रखमाजीला वाटलं की थोरल्या पातीच्या बाटलीत बुडबुडे जास्त येतात. पुढं दोघंही आपापली बाटली सोडून दुसऱ्याची बाटली बघत बसायचे. डॉक्टर म्हणाले, असू दे, बघत बसलेत तोवर श्वास तरी घेतायत. आणि ते घेत होते. दोघंही शनिवार बघणार नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो. दोघांनी शनिवार बघितला, सोमवार बघितला, आणि एकमेकांना बघितलं.

मग एका सकाळी रिसालदारांनी जाहीर केलं की आता ते जाणार. शांतपणे, एखाद्याला गावी जायचं असावं तसं. आणि म्हणाले, "आधी मीच जाणार. थोरल्या पातीचा मान आहे."

रखमाजी उशांवर ताठ झाला. "नाही."

"नाही म्हणजे?"

"चोपदार... पुढं चालतो. स्वारी... मागनं येते. हा... रिवाज आहे."

रिसालदार गडबडले. रिवाजाला उत्तर रिवाजानंच द्यायचं असतं आणि रिवाज खरा होता. मग ते म्हणाले, "पण तू आमचा चोपदार नव्हेस. दुसऱ्या दरबारचा आहेस."

"मग जा एकटे," रखमाजी म्हणाला. "वर्दी नाही... काही नाही. दारात... उभं करतील. कोण तुम्ही... विचारतील."

नेहमीसारखं मी हसले. पण रिसालदार हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्या दिवशी त्यांनी बाटलीकडे बघितलं नाही.

दुपारी मी त्यांची पाठ पुसत होते. सून घरी गेली होती, रखमाजीला डुलकी लागली होती. रिसालदार हळू आवाजात म्हणाले, "बाई, खरंच विचारत असतील का हो?"

"कोण?"

"तिथं." त्यांनी वर बोट केलं नाही, नुसती मान हलवली. "इथंच आता कुणी ओळखत नाही. इथं येण्याआधी एकदा कचेरीत गेलो होतो. तिथल्या पोरानं विचारलं, बाबा, क्या काम है? बाबा! ज्या दारात माझ्यासाठी पहारा खडा व्हायचा, त्या दारात. तिथं तर मी कुणालाच ओळखत नाही. कुणी सांगायला नको का, हा कोण आलाय म्हणून?"

दुखण्यावर सुई होती, दम्यावर वाफ होती. यावर माझ्या टेबलावर काही नव्हतं. इतके दिवस हा माणूस मानापमानासाठी भांडतोय असं मी समजत होते. तो घाबरला होता. उंच, मिश्यावाला रिसालदार अनोळखी दारात एकटं उभं राहायला घाबरला होता.

मी विचारलं, "रखमाजीला सांगू?"

त्यांनी रखमाजीच्या खाटेकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "मी सांगितलं म्हणून सांगू नका."

आणि त्या दुपारपासून मी वकिली करायला लागले. दोन खाटांमधे एका हाताचं अंतर. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं. पण बोलणं माझ्यामार्फत व्हायचं. मी रखमाजीकडे वळून म्हणायची, रिसालदारसाहेबांना वर्दीची गरज वाटते आहे. रखमाजी माझ्याकडे बघून म्हणायचा, त्यांना विचारा, मला काय म्हणून हाक मारणार? मी तिकडे वळायची. रिसालदार छताकडे बघत म्हणायचे, चोपदार म्हणू. मी इकडे वळायची. रखमाजी म्हणायचा, चोपदारजी. यावर पुरी संध्याकाळ गेली. डॉक्टर दारात उभे राहून हे ऐकत होते. त्यांनी मला विचारलं की दोघांनाही कमी ऐकू येतं का. मी म्हटलं, साहब, यह राजनीति है.

शेवटी 'चोपदारजी' ठरलं. खिडकीचं दार धाकट्या पातीच्या बाजूला उघडं ठेवायचं हेही ठरलं. मग रखमाजीनंच अडचण काढली. "ललकारी सरकारची असते. रिसालदाराला... ललकारी कधी झाली? दरबार असता तर... माझी नोकरी गेली असती."

गोदाकाकू कोपऱ्यात बसून लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "आता नोकरीच नाही, तर जाणार काय?"

रखमाजीनं बायकोकडे बघितलं. मला वाटतं, संस्थान गेलं हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा समजलं. मग म्हणाला, "खरं आहे. आता... कुणाचीही देता येते."

पण वर्दी द्यायची म्हणजे दम पाहिजे. रखमाजी कामाला लागला. आतापर्यंत वाफ घ्यायला आढेवेढे घेणारा हा माणूस स्वतःहून वाफ मागायला लागला. कडू औषध तोंड वाकडं न करता पिऊ लागला. मी त्याला श्वास हळूहळू सोडायला शिकवलं होतं, मेणबत्ती विझू न देता फुंकर घालतात तसा. तेव्हा त्यानं लक्ष दिलं नव्हतं. आता दिवसभर तेच. गोदाकाकू म्हणायच्या, "घरी भाकरी मागायची तर यांना खोकला येतो. ललकारी म्हटलं की बघा!" आधी त्याला ललकारीतलं नुसतं 'निगा' म्हणता यायचं. दोन दिवसांनी 'निगा रखो' एका श्वासात. डॉक्टर त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकायचे आणि माझ्याकडे बघायचे. छाती उघडत होती.

शेजारी रिसालदार उतरत चालले होते. इंजेक्शनांनी पाणी उतरेना. पण चेहरा निवांत होता. रखमाजीची तालीम चालली की डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच बोट हलवायचे, म्हणजे पुन्हा म्हण. एकदा मालतीवहिनींनी पेज भरवताना ते म्हणाले, "सूनबाई, आज चोपदारजींना आधी." वहिनींचा हात वाटीतच थांबला.

तो दिवस उजाडला तेव्हा कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या धंद्यात ते दिसतं. नाक टोकदार होतं, गुडघ्यांवर निळसर जाळी उमटते, श्वास थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. मी मालतीवहिनींना पाय धरून बसायला सांगितलं आणि भुईवर कुणी घ्यायचं नाही असं आधीच बजावलं. मनगट धरून मी खाटेजवळ बसले.

रखमाजी म्हणाला, "मला उभं करा."

डॉक्टर म्हणाले, बिलकुल नहीं. गोदाकाकूंनी त्यांच्याकडे लक्षही न देता पिशवीतून लाल पागोटं काढलं. ते पागोटं त्या कधीपासून पिशवीत घेऊन हिंडत होत्या कोण जाणे. रखमाजीच्या एवढ्याशा डोक्यावर ते बसलं आणि त्याचा चेहराच बदलला. नाकात नळी होती, अंगात दवाखान्याचा मळखाऊ सदरा होता, पण समोर उभा होता तो चोपदार. त्यानं हात पुढं केला आणि हात रिकामाच राहिला. चांदीची काठी दरबारात जमा झाली होती.

कासिमभियानं इकडेतिकडे बघितलं आणि सलाईनची बाटली टांगायचा लोखंडी स्टँड उचलून त्याच्या हातात दिला. रखमाजीनं तो एकदा फरशीवर आपटला. ठण् झालं.

"निगा रखो!"

मी त्या घराण्याची ललकारी त्याआधी कधी ऐकली नव्हती. त्या बरगड्यांमधून तो आवाज निघाला कसा, हे मला आजही कुणी समजावून सांगितलेलं नाही. खिडकी थरथरली. बाहेर व्हरांड्यात औषधासाठी बसलेली सगळी रांग उठून उभी राहिली. डॉक्टर माथुर, ज्यांना पाती ठाऊक नव्हती, ते भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहिले.

"बा अदब! बा मुलाहिजा! थोरल्या पातीचे रिसालदार, राजमान्य राजेश्री मल्हारराव जगदाळे यांची स्वारी येत आहे!"

रिसालदारांचे डोळे उघडले. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"काय म्हणतात?" रखमाजीनं धापा टाकत विचारलं.

मी सांगितलं, "म्हणतात, 'बहादूर' राहिलं."

"बहादूर... कधी झाले हे?"

मालतीवहिनी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलल्या, "झालेत मामंजी. म्हणा ना तुम्ही!"

रखमाजीनं नळीतून ऑक्सिजन ओढला, मान वर केली, स्टँड आपटला आणि पुन्हा सुरू केलं. निगा रखो. बा अदब. तो 'जगदाळे'पाशी आला तेव्हा माझ्या बोटांखालची नाडी गेली. पुढं 'बहादूर' असं कडकडीत आलं की कासिमभियानं डोक्यावरची टोपी सारखी केली.

रखमाजीनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला समजलं.

"ऐकलं का त्यांनी? बहादूर?"

मी त्याला खरं तेच सांगितलं. "आम्हाला शिकवलंय, कान सगळ्यांत शेवटी जातात. नाडी गेली तरी थोडा वेळ ऐकू येत असावं, नक्की कुणालाच माहीत नाही."

"मग मधे बोलू नका," रखमाजी म्हणाला, आणि त्यानं तिसऱ्यांदा ललकारी दिली. पहिल्यापासून, एकही शब्द न गाळता, बहादूरसकट. मी मनगट तसंच धरून ठेवलं. ललकारी चालू असताना हलणं बरं दिसलं नसतं.

बाहेर रांग अजून उभी होती. त्यांना वाटलं, कुणी मंत्री आला.

संध्याकाळच्या आत रिसालदारांना न्यायला माणसं आली. मालतीवहिनी गोदाकाकूंशी काहीतरी कुजबुजल्या. मग रखमाजी, डॉक्टरांच्या नको-नको म्हणण्याकडे काणाडोळा करत, नाकातली नळी काढून खाटेवरनं उतरला आणि स्टँड हातात घेऊन त्या सगळ्यांच्या पुढं झाला. दवाखान्याच्या दारापर्यंत. हळूहळू, दर चार पावलांनी थांबत. खांदेकरीही थांबत. मागनं मी, माझ्यामागं खुर्ची घेऊन कासिमभिया. दाराशी तो बाजूला झाला, स्वारी पुढं गेली, आणि त्यानं कमरेत वाकून मुजरा केला. थोरल्या पातीला. गोदाकाकूंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

मला वाटलं, आता हा कोसळणार. तो रस्ता ओलांडून पलीकडं गेला. धाकट्या पातीच्या पिंपळाखाली जाऊन पारावर बसला आणि बायकोला म्हणाला, "टांगा बघ. घरी जाऊ."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कासिमभियाला स्टँड आणायला पाठवलं, कारण दवाखान्यात तो एकच होता. तो रिकाम्या हातानं परत आला. "नहीं देता साहब. बोलता है, पहली बार किसी ने खुद के हाथ से दिया है." डॉक्टर चिडले. आठवडाभर आम्ही सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला बांधत होतो. मग ते मला म्हणाले की सिस्टर, तुम्ही जा, तुमचं ऐकेल.

मी गेले. रखमाजी अंगणात उन्हात बसला होता, श्वास बरा होता. स्टँड देवघराजवळ उभा केलेला. त्याला खालपासून वरपर्यंत चिंचेनं घासून लख्ख केलं होतं आणि वरच्या आकड्याला जुन्या पैठणीचा जरीचा काठ गुंडाळला होता. रखमाजी म्हणाला, "न्यायचा तर न्या, बाई. सरकारी आहे." आणि दुसरीकडे बघायला लागला. गोदाकाकूंनी चहा ठेवला. मी चहा प्यायले, त्याची नाडी बघितली, बोटांची नखं बघितली, ती गुलाबी होती. मग उठून दवाखान्यात आले.

डॉक्टर दारातच उभे होते. "सिस्टर, स्टँड?"

मी म्हटलं, "साहब, दरबार में जमा हो गया."

मग आत जाऊन त्यांनी इंदूरला नव्या स्टँडची मागणी लिहायला घेतली, आणि अर्ध्यात मान वर करून मला विचारलं, "एक मँगाएँ, कि दो?"